शालिग्रामची वाव

अमडापूरच्या बाजारात दोर वावेवर विकला जायचा. माणसानं दोन्ही हात आडवे पसरले की या टोकाच्या बोटापासून त्या टोकाच्या बोटापर्यंत जेवढं भरतं, तेवढी एक वाव. आता माप माणसाच्या अंगाचं म्हटल्यावर माणूस कोणता, हा प्रश्न येणारच. दोर विकणारा जानराव चांगलाच बुटका होता आणि आपल्या हातानं मोजून द्यायला त्याची बिलकूल ना नव्हती. पण कोसभरावरच्या एका गावातले लोक एवढे भोळे नव्हते. दोर घ्यायचा असला की ते शालिग्रामला सोबत घेऊनच बाजाराला येत.

शालिग्राम उंच होताच, पण उंचीच्या आधी नजरेत भरायचे ते त्याचे हात. सरळ उभा राहिला तरी बोटं गुडघ्याच्या जवळ यायची. त्यानं बाजारात हात पसरले की जानराव कपाळ बडवून घ्यायचा.

"हा माणूस नाई बाप्पा, बगळा हाय!" तो ओरडायचा. "याची एक वाव अन् माही सव्वा. पुढच्या बाजारी याले घरी बांधून ठेवा, मी तुमाले चहा पाजतो."

लोक हसायचे, शालिग्रामही लाजून हसायचा, आणि दोर घेणारा त्याला हॉटेलात नेऊन भजी खाऊ घालायचा. कोणाचं नुकसान करण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. हात पसरायला सांगितले, त्यानं पसरले, एवढंच.

त्याची आई गोजरबाई हिला मात्र या हातांचा भारी तोरा होता. कोण्या कीर्तनकारबुवांनी कधीतरी सांगितलं होतं की गुडघ्याला हात पोचणारा माणूस राजयोगाचा असतो, प्रभू रामचंद्राचे हात तसेच होते. म्हातारीनं ते मनाशी घट्ट धरून ठेवलं. तिच्या नवऱ्याचेही हात असेच. तो मोट हाकता हाकता, हातात नाडा असताना, तरण्याताठ्या वयात एकाएकी कोसळला आणि गेला. रामाचे हात आणि असं मरण यांचा मेळ कसा घालायचा, हे तिला कोणी विचारलं नाही. तिनं स्वतःच उत्तर काढलं होतं: नजर लागली. म्हणून ती शालिग्रामच्या दंडाला काळा दोरा बांधायची आणि चार वर्षांचा नातू कडूबा याला गालावर नव्हे, तळहातावर काजळाचा ठिपका लावायची. तरी घरी कोणी आलं की नातवाचे हात धरून दाखवल्याशिवाय तिला राहवत नसे. "पाह्य व माय, बापाचेच हात घेऊन आला माहा कडूबा," असं म्हणताना तिच्या सुरकुत्यांत हसू मावायचं नाही.

शालिग्रामची बायको पंचफुला साखरखेर्ड्याकडची. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा तिलाही पहिल्यांदा ते हातच दिसले होते आणि ती थोडी भ्याली होती. पुढं त्याच हातांची तिला इतकी सवय झाली की दुसऱ्या माणसांचे हात तिला आखूड वाटायला लागले. नवरा गरीब स्वभावाचा, कष्टाळू, बायकोवर आवाज न चढवणारा. एका बाईला आणखी काय लागतं? एकच उणीव होती. त्याला नीट दिसत नसे, आणि बहात्तरच्या साली ते फारच वाढलं. खुरपता खुरपता तो गवताऐवजी ज्वारीची रोपं उपटायला लागला. पुढं तीही रोपं पावसावाचून करपली ती वेगळी गोष्ट, पण डोळ्यांचं काहीतरी करायला हवं, असं पंचफुलानं ठरवलं. दिवाळीनंतर ती त्याला घेऊन चिखलीवरून एस.टी.नं बुलढाण्याच्या दवाखान्यात गेली.

डोळ्यांच्या डॉक्टरनं डोळ्यात पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाला की आतलं भिंग जागेवरून सरकलंय. मग त्याची नजर शालिग्रामच्या बोटांवर गेली. तो उठून शेजारच्या खोलीतल्या मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला.

मोठ्या डॉक्टरांनी शालिग्रामला भिंतीला पाठ लावून उभं केलं. डोक्यावर पट्टी धरून खडूनं रेघ मारली. मग हात पसरायला सांगितले आणि दोन्ही टोकांना दोन रेघा मारल्या. पंचफुलाला वाटलं, हा डॉक्टर फावल्या वेळात दोर विकतो की काय! डॉक्टरांनी टेपनं उभं माप घेतलं, आडवं घेतलं, आणि टेप गुंडाळत विचारलं, "हात असे लहानपणापासूनच?"

"हाव," पंचफुला कौतुकानं म्हणाली. "बाजारात वाव यायचीच धरतात."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "वडील आहेत?"

शालिग्रामनं वडील कसे गेले ते सांगितलं. डॉक्टर स्टुलावर बसले आणि सांगू लागले. त्यांनी सांगितलं ते असं होतं. मोठ्या माणसाची उंची आणि पसरलेल्या हातांचं माप जवळजवळ सारखं येतं. याचं चार बोटं जास्त येतंय. हा अंगातलाच दोष आहे, बापाकडून आलेला. त्यानं हाडं लांबतात, डोळ्यातलं भिंग सैल पडतं, आणि काळजातून निघणारी मोठी नस पातळ होते. जोर केला तर ती फाटते.

"औषध द्या मंग," पंचफुला म्हणाली.

"असतं तर दिलं असतं, बाई. आता जपायचं. ओझं उचलायचं नाही, काही ओढायचं नाही, दम लागेल असं काम करायचं नाही. मूलबाळ आहे?"

"एक पोरगा हाय. चार वर्साचा."

"त्याला घेऊन या. लगेच जमत नसेल तर घरी दोऱ्यानं मोजा. एवढ्या लहान पोराचे हात उंचीपेक्षा थोडे कमीच भरायला पाहिजेत. जास्त भरले तर मात्र उशीर करू नका."

परतताना एस.टी.त शालिग्राम खिडकीतून बाहेर पाहत होता. त्याला बाहेरचं काय दिसत होतं देव जाणे. चिखली आल्यावर तो म्हणाला, "कास्तकारानं ओढाचं नाई, उचलाचं नाई. मंग मी करू काय?"

"बसून राहा," पंचफुला म्हणाली. "मी करतो ना काम. तुमी फक्त राहा."

घरी आल्यावर तिनं त्याला कडूबाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की दोराला, ओझ्याला हात लावणार नाही. पोराच्या डोक्यावरची शपथ मोडली तर ती पोरालाच बाधते, असं सगळं गाव मानतं. म्हणूनच तिनं तीच घ्यायला लावली. एवढी मोठी शपथ त्याच्याकडून मोडली जाणार नाही याची तिला खात्री होती.

दवाखान्यातलं सगळं, पोराला दोऱ्यानं मोजायचंही, ऐकून गोजरबाई भडकली. "हात लांब म्हणून कोठी माणूस मरते काय? त्या डाक्टराचीच नजर खराब हाय. चार बुकं शिकला अन् राजाचं लक्षण त्याले रोग दिसून राह्यलं!"

"आत्याबाई, मामंजी कसे गेले ते आठवा."

"माह्या मेलेल्या माणसाले मधात आणू नको," म्हातारी म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं. त्यानंतर या विषयावर सासूसुनेत बोलणं झालं नाही.

दुष्काळानं त्यांना बोलायला सवडही ठेवली नाही. शेतात काम नव्हतंच. पंचफुला रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. गावच्या विहिरीचा तळ उघडा पडला होता, म्हणून सरपंच उत्तमरावांनी ती खोल करायचं काम काढलं. उत्तमराव मनाचा बरा माणूस. पंचफुलानं त्यांना दवाखान्यातलं सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा काही विश्वास बसला नाही, पण त्यांनी शालिग्रामला विहिरीवर राखणीचं काम दिलं. निंबाच्या सावलीत बसायचं, दोर-पहारी सांभाळायच्या, कामावरच्या माणसांना पाणी द्यायचं.

गाव गप्प बसतं होय? "बायको उन्हात खडी फोडते अन् हा सावलीत हात मोजत बसते," असं लोक त्याच्यासमोर बोलायचे. "एवढे लांब हात देवानं काय माशा वाराले देल्ले काय बे?" शालिग्राम ऐकून घ्यायचा. घरी आल्यावर जेवणावरून लवकर उठायचा. पंचफुलाला सगळं कळत होतं, आणि तिला गावाचा संताप यायचा. नवऱ्याची कीव मात्र ती चेहऱ्यावर येऊ देत नसे. दिवस जात होते, तो जिवंत होता, तिला तेवढं पुरत होतं.

कडूबाला मोजायचं काम मात्र तिच्या हातून होईना. घरात काळा दोरा होता, पोरगा समोर खेळत होता, पण दोरा हातात घेतला की तिला चूल पेटवायची आठवण व्हायची, नाहीतर पाण्याला जायची. दवाखान्यात न्यायचं तर खडीवरचा खाडा पडायचा. उद्या मोजू, असं म्हणत उन्हाळा आला.

विहिरीत खडक लागला होता. तो फोडायला सुरुंग लावत. हे काम भाऊरावचं. भाऊराव बौद्धवाड्यातला, विहिरी फोडण्यात हातखंडा असलेला माणूस. खाली उतरून तो खडकात दारू भरायचा, वात पेटवायचा, कमरेला दोराचा फास अडकवून हाक द्यायचा, आणि वरचे चौघं त्याला चाकावरून ओढून घ्यायचे. काठाला दगडमातीचे ढीग पडले होते, दोर धरून मागं पळायला जागा नव्हती. त्यामुळं एका जागी उभं राहून हातावर हात टाकत ओढावं लागे. भाऊराव वर आला की सगळे ढिगाआड पळत आणि मग बार उडे.

त्या दिवशी दुपारी पंचफुला खडीवरून सुटून नवऱ्याची भाकर घेऊन विहिरीवर आली. चौघांतला एक तापानं घरी पडला होता, म्हणून तिघंच दोरावर होते. खालून भाऊरावची हाक आली. तिघांनी ओढायला सुरुवात केली. भाऊराव अर्ध्यावर आला असेल नसेल, तेवढ्यात दोर चाकावरून उतरला आणि चाक आणि खुंटा यांच्यामध्ये जाऊन बसला. पुढच्या माणसाची बोटं त्यात चेपली. तो किंकाळी फोडून बाजूला पडला. उरलेल्या दोघांना भाऊरावचं ओझं नुसतं धरवत होतं, ओढवत नव्हतं. खाली वात जळत होती.

निंबाखालून शालिग्राम उठला.

त्यानं खांद्यानं चाक रेटून दोर मोकळा केला. मग काठावर पाय रोवून ते हात खाली सोडले, लांब, थेट विहिरीच्या तोंडात, आणि ओढलं. दुसऱ्याच्या दोन ओढी त्याच्या एका ओढीत येत होत्या.

"सोडा!" पंचफुला ओरडली. तिच्या हातातली भाकर मातीत पडली. "अवो, सोडा म्हणतो ना! कडूबाची शप्पथ हाय तुमाले, सोडा तो दोर!"

शालिग्रामनं एकदा तिच्याकडं मान वळवली. तिचं तोंड त्याला दिसलं नसणार, लुगड्याचा रंग फक्त दिसला असेल. मग तो पुन्हा विहिरीकडं वळला आणि ओढत राहिला. भाऊरावचं डोकं वर आलं, खांदे आले, दोघांनी त्याला काखेत धरून बाहेर घेतलं आणि सगळे ढिगाआड पडले. बार उडाला. दगड वर जाऊन धबाधबा खाली आले.

धुरळ्यात लोक हसायला लागले, एकमेकांच्या पाठी थोपटायला लागले. कोणीतरी ओरडलं, "वा रे शालिग्राम!" शालिग्राम ढिगाला टेकून बसला होता. पंचफुला त्याच्यापाशी पोचली तेव्हा त्याच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"पाठीत काहीतरी फाटलं व," तो म्हणाला, जरा नवल वाटल्यासारखा. "थंडी वाजून राह्यली."

उत्तमरावांनी बैलगाडी जुंपायला माणूस पळवला. गाडी येईपर्यंत पंचफुलाच्या मांडीवर त्याची मान सैल पडली होती. त्याचे हात दोन्ही बाजूंना मातीत पसरले होते. ते गोळा करून पोटावर ठेवायला तिला दोन माणसांची मदत लागली.

तिरडी बांधायला दोर जानरावनंच आणला, अमडापूरहून धावत, पैशाचं नावही न काढता. अंगणात त्यानं आपल्या हातानं वाव धरून दोर तोडला. तो कमी पडला. तेव्हा बाजूला बसलेला एक म्हातारा सवयीनं बोलून गेला, "अरे, शालिग्रामाले हाक मारा ना बे, वाव धराले."

म्हाताऱ्यानं तोंडावर पागोट्याचा शेव घेतला. जानराव दोर हातात तसाच धरून लहान पोरासारखा रडला.

गोजरबाई रडली नाही. तिनं पंचफुलाला एवढंच म्हटलं, "तू लोकाइले सांगत फिरली. म्हून झालं हे." पंचफुलाच्या मनात दुसरंच काही जळत होतं. खाली दोराला माणूस लटकलेला असताना ती "सोडा" म्हणाली होती, आणि ते सगळ्यांनी ऐकलं होतं. तिला त्याची लाज वाटत होती, आणि पुन्हा तीच वेळ आली तर आपण पुन्हा तेच ओरडू, हेही तिला माहीत होतं.

भाऊराव चार दिवसांनी आला. ओट्याखाली उभा राहिला. ओट्यावर ये म्हटलं तरी आला नाही.

"वहिनी, तुमचा आवाज मले खालून आयकू आला होता," तो म्हणाला.

पंचफुलानं मान खाली घातली.

"राग नाई मले. माही बायको सिंधू तठी असती तं तेही हेच बोल्ली असती. पण त्यानं सोडला नाई. मी आता कसा जगू, ते सांगा मले. जेवाले बसलो का त्याचे हात दिसतात, वरून येऊन राह्यलेले."

पंचफुला उठली. ती आत गेली, त्याच्यासाठी पाणी आणलं. तो ते सगळं पिऊन निघून गेला.

त्याच दुपारी गोजरबाई शेजारी गेली होती. कडूबा आईच्या फाटक्या लुगड्यावर झोपला होता, हात दोन्हीकडं टाकून, बाप झोपायचा तसा. पंचफुलानं काळा दोरा घेतला. टाळूपासून टाचेपर्यंत धरला आणि गाठ मारली. मग त्याच्या एका हाताच्या बोटापासून छातीवरून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत धरला आणि दुसरी गाठ मारली.

दुसरी गाठ पहिलीच्या आत यायला पाहिजे होती. ती दोन बोटं बाहेर गेली.

तिनं पोराला सरळ करून पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मग तो दोरा चुलीत टाकला आणि जळून जाईपर्यंत तिथंच बसली. कोणाला सांगायचं? सांगून एक माणूस वाचला नव्हता. पोराच्या डोक्यावरची शपथ मोडली म्हणून हे झालं, की आधीपासूनच तसं होतं, याचा तिला उलगडा होईना. डॉक्टरांचं बोलणं तिला पटलेलं होतं, तरीही उलगडा होईना.

तेरवीला गाव जमलं. दुष्काळातही लोकांनी घरून पायलीपायली ज्वारी आणून दिली, कारण शालिग्राम एका माणसाला वाचवून गेला होता. जेवणं झाल्यावर उत्तमराव ओट्यावर बसले. कडूबा खेळत खेळत त्यांच्यापुढं आला. नव्या सदऱ्याच्या बाह्या त्याला आखूड होत होत्या. उत्तमरावांनी प्रेमानं त्याची मनगटं धरली आणि हात दोन्हीकडं पसरून सगळ्यांना दाखवले.

"पाहा रे!" ते म्हणाले. "शालिग्राम कोठी गेला? हे पाहा, बापाचेच हात. दहा-बारा वर्सं जाऊ द्या, जानराव, तुह्या बाजारात हाच वाव धरते का नाई पाह्य!"

"धरू द्या बाप्पा," जानराव डोळे पुसत म्हणाला. "माहा सारा दोर याचाच." सगळ्यांना बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्या ओट्यावर कोणी हसलं.

पंचफुलानं सासूकडं पाहिलं. हे हात दाखवायला म्हातारी आता स्वतः पुढं येणार, असंच तिला वाटलं होतं. गोजरबाई उठली खरी. पण तिनं उत्तमरावांच्या हातून पोराची मनगटं सोडवली, त्याला ओढून कुशीत घेतलं आणि त्याचे दोन्ही हात आपल्या पदराखाली झाकून घेतले. कडूबा सुटायची धडपड करू लागला तशी ती घट्ट धरून बसली. त्या ओढाताणीत तिच्या पदराच्या टोकाला बांधलेला काळा दोरा बाहेर आला.

दोऱ्याला दोन गाठी होत्या. त्यांच्यामध्ये दोन बोटांचं अंतर होतं.